माझं त्रिपोली तू नेलंस

लेबननमधल्या त्रिपोलीला जायचा कंटेनर मी लिबियातल्या त्रिपोलीला पाठवला.

हमीद, हे वाक्य आज पहिल्यांदा मी माझ्या हाताने लिहितोय. दोनदा वाचून पाहिलं, बरोबर आहे. आजवर ते तूच म्हणत आलास. आपल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात, ऑफिसच्या इफ्तारला, अगदी माझ्या घरच्या सत्यनारायणालासुद्धा, प्रसादाचा द्रोण डाव्या हातात सांभाळत. वाक्य म्हणून झालं की तू थांबायचास. चष्मा काढायचास, सदऱ्याच्या टोकाने पुसायचास, परत लावायचास. लोक वाट बघतायत हे तुला पक्कं ठाऊक असायचं. मग जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात, "हां, आणि कंटेनरमध्ये होते कमोड." झालं! त्यानंतर बराच वेळ कुणाला कुणाचं ऐकू जात नसे.

चूक माझी, टाळ्या तुला. आयजीच्या जिवावर उदार होणारी ती म्हणीतली बायजी नक्की तुझ्या रत्नागिरीचीच असणार.

तू गेल्याला महिना होत आला. मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा असा निरोप आला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. म्हटलं, या वेळी तरी मध्ये बोलायला हा नाही. तू किती मनमिळाऊ होतास, हाकेला कसा धावायचास, ते इतर लिहितील. मला तुझा हेवा वाटत आला, आणि गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात तरी तो काही गेलेला नाही. तू जाताना तुझं सगळं आवरून गेलास, ही एक वस्तू माझ्याकडे तशीच टाकून गेलास.

तर ती गोष्ट. मी शारजाच्या ऑफिसात बुकिंगला, तू खोर फक्कानला बंदरावर. दिवसभर फोनवर एकमेकांना शिव्या घालायच्या आणि त्याला कोऑर्डिनेशन म्हणायचं, हे आपलं काम. कॉम्प्युटरवर त्रिपोली टाईप केलं की खाली दोन नावं उघडायची. मला जेवायला उठायची घाई होती. वरचं नाव निवडलं. वरचं लिबियाचं निघालं. तिकडे लेबननमध्ये एक शाळा रंगरंगोटी होऊन उभी, आणि तिचे कमोड भूमध्य समुद्राच्या भलत्याच टोकाला.

आपल्या नाबुल्सी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवर नकाशा होता. साहेबांनी एक बोट लेबननवर ठेवलं, दुसरं लिबियावर, आणि दोन्ही हात ताणलेले ठेवूनच मला म्हणाले, "श्रीकांत, हबीबी, मध्ये अख्खा इजिप्त आहे. इजिप्तसुद्धा दिसला नाही तुला?"

"सर," मी म्हणालो, "सिस्टीममध्ये इजिप्त मध्ये येत नाही."

हे मी खरंच म्हणालो. तू नंतर रचलेलं नाहीस. साहेबांनी नकाशावरची बोटं काढली आणि ती कपाळाला लावली. माझी नोकरी त्या क्षणी संपलीच होती. फक्त ते वाक्य कुणी उच्चारायचं बाकी होतं. तेवढ्यात तू कसलेसे कागद सहीला घेऊन न बोलावता आत आलास, दोघांची तोंडं पाहिलीस आणि म्हणालास, "सर, चूक याची नाही. ग्रीकांची आहे."

साहेब तुझ्याकडे बघतच राहिले. मीसुद्धा.

"त्रिपोली म्हणजे तीन शहरं. लेबननच्या बाजूला तीन मोठ्या बंदरांतल्या लोकांच्या तीन वस्त्या एका जागी होत्या, ग्रीकांनी त्याला त्रिपोली म्हटलं. लिबियाच्या किनाऱ्यावर तीन शहरं एका रांगेत होती, तिकडेही तेच नाव. एकच नाव दोन जागी ठेवून मोकळे झाले. तुमच्या लोकांनी बिचाऱ्यांनी निस्तरलं, एकाला शामचं, म्हणजे सीरियाकडचं, त्रिपोली म्हटलं, दुसऱ्याला पश्चिमेचं." मग माझ्याकडे वळून मराठीत, "आपल्याकडे बुद्रुक-खुर्द असतं बघ, तसं." आणि परत साहेबांना, "सर, तुमचं आडनाव नाबुल्सी, म्हणजे तुम्ही नाब्लुसचे. नाब्लुस म्हणजे नेआपोलिस, नवं शहर. रोमनांनी वसवलं, पण नाव ग्रीक. आणि इटलीतलं नेपल्स, तेही नेआपोलिसच. उद्या कुणी नेपल्सचा माल नाब्लुसला पाठवला तर त्याला काढून टाकणार का?"

साहेबांचा जन्म इकडचाच. नाब्लुस त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वडिलांनी सांगितलेलं एक अंगण आणि मिठाईच्या दुकानांवरच्या पाट्या, एवढंच त्यांच्या वाट्याचं नाब्लुस. ते खुर्चीत मागे रेलले. "नाब्लुस... नेपल्स?" असं हळूच, चव घेतल्यासारखं म्हणाले. चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. माझी नोकरी राहिली.

ऋण आहेच, नाकारत नाही. पण पुढचंही ऐक. त्या दिवसापासून साहेबांच्या केबिनमध्ये गहवा, म्हणजे ती अरबी कॉफी, प्यायला तुला बोलावणं येऊ लागलं. मला बोलावणं यायचं ते त्रिपोलीचं बुकिंग आलं की, ते दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणून सांगायला.

तुझी खोड जुनी. कोकणी माणूस, त्यातून पिढ्यान्‌पिढ्या दर्यावरचा. नवा माणूस भेटला की त्याच्या नावाआधी विचारायचास, "गाव कुठला?" मला विचारलंस तेव्हा मी पेठेचं नाव सांगितलं, तर म्हणालास, "हा गाव नाही, हा पत्ता झाला." बंदरावर बसून दिवसभर शहरांची नावं हाताळायचास, म्हणून शहरांनाही तेच विचारायला लागलास. इस्तंबूल, गाव कुठला तुझा? तर तो मूळचा ग्रीकांच्या बोलण्यातला 'शहराकडे'. कुठे निघालास, शहराकडे. कुठल्या शहराकडे हे विचारायची कुणाला गरजच नाही. "आपण नाही का गावाला चाललो म्हणतो?" तू म्हणायचास. "कोण विचारतं कुठल्या? गाव एकच असतो."

तुझ्या घरी जेवताना एकदा सिकंदराच्या त्या सरदाराचं सांगत होतास, जो पुढे राजा झाला. सिकंदराने जागोजाग स्वतःच्या नावाची शहरं वसवली, पण याने आईच्या नावाने लाओदिकेया वसवलं, आजचं सीरियातलं लाताकिया. बापाच्या नावाने अँटिऑक. बायकोच्या नावाने अपामेया. त्यावर स्वयंपाकघरातून नसीमवहिनींचा आवाज आला, "आणि आमच्या नावानं काय केलंत? वायफायचा पासवर्ड!"

जेवण बाजूला ठेवून सगळे हसलो. मी मनात नोंद केली की तुझ्या घरात तुझ्यापेक्षा सरस एक जण आहे. तेवढाच जिवाला थंडावा.

मग ते सिलिकॉन ओएसिस वसाहतीतलं संमेलन. क्लबहाऊसच्या हॉलमध्ये मंडळाने तुझं भाषण ठेवलं, शहरांची मूळ गावं असा विषय. मला वाटलं, शनिवारी संध्याकाळी ग्रीक शहरांची नावं ऐकायला कोण थांबतंय? वडापाव संपले की हॉल रिकामा. तुला हे माझ्या आधी कळलेलं होतं. म्हणून तू ग्रीकांपासून सुरुवात केलीच नाहीस. माझ्यापासून केलीस. "लेबननमधल्या त्रिपोलीला जायचा कंटेनर आमच्या श्रीकांतने..." आणि चष्मा. आणि कमोड. शाळेचं तू हॉटेल करून टाकलंस. "पंचतारांकित हॉटेल, सगळी सोय, फक्त बसायची सोय नाही!" हॉल कोसळला. आणि हसून लोक ढिले पडले की त्यांच्या तोंडात तू एकेक शहर घालत गेलास. नेआपोलिस म्हणजे आपली नवी मुंबई, मेट्रोपोलिस म्हणजे आई-शहर, तिथून निघालेली ती लेकीसारखी शहरं. ज्यांना कालपर्यंत लाताकिया हा आजार वाटला असता, ते घरी जाताना पार्किंगमध्ये त्यावर बोलत होते.

ग्रीकांबद्दल तू एक शब्द खोटा बोलत नसायचास. मी घरी जाऊन तपासायचो, एखादी चूक सापडावी म्हणून. नाही सापडली. खोटं बोलायचास ते फक्त माझ्याबद्दल.

माझी बायको माधुरी पहिल्या रांगेत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. हीच गोष्ट ती घडली त्या दिवशी मी तिला सांगितली होती, तेव्हा ती शून्यात बघत बसली होती. गाडीत मी विचारलं, "मी सांगितली तेव्हा का नाही हसलीस?"

"तू सांगत होतास तेव्हा मला होम लोन दिसत होतं."

"आणि हमीदने सांगितली तेव्हा?"

"तेव्हा तू दिसलास," ती म्हणाली. आणि पुन्हा हसायला लागली.

हमीद, तोवर गोष्टी सांगणं हे माझं खातं होतं. कॉलेजपासून. मी चुका करायचो आणि मीच त्या सांगायचो, उत्पादन ते विक्री सगळं एका छताखाली. तुझ्यानंतर माझ्याकडे फक्त कारखाना राहिला. दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाच्या रिसेप्शनला जाऊन मी पाकीट देऊन, जेवून आलो होतो. केवढी मोठी चूक! ती मी मंडळात सांगायला घेतली, तर अर्ध्यात एक वहिनी म्हणाल्या, "अय्या, हमीदभाईंना सांगा ना ही. ते काय रंगवतील!"

आपलं शेवटचं भांडण उम्म अल कुवैनच्या वाळूत झालं. तिथे एका जुन्या बंदराचे अवशेष आहेत. ग्रीक खलाशी ज्याला ओमाना म्हणायचे ते हेच, असं काही जाणकार मानतात, काही मानत नाहीत. तू अर्थातच मानणाऱ्यांतला. "आपल्या घरापासून अर्ध्या तासावर ग्रीक येऊन गेलेत, मेल्या, आणि तू मॉलमध्ये जातोस!" म्हणून थंडीतल्या एका सकाळी मला ओढत नेलंस. कुंपणापाशी उभे राहून आपण आत बघितलं. मला दगड दिसले. तुला गोदी, गोदाम, हमाल, सगळं दिसत होतं. तुला दिसायचं याचंही माझ्या पोटात दुखायचं.

निघताना तू म्हणालास, रस्ता सोडून गाडी वाळूत घालू नकोस. म्हणून मी घातली. चाकं अर्धी आत गेली. गाडी ओढायला माणूस येईपर्यंत आपण वाळूत बसून वहिनींनी दिलेली घावनं आणि सुकटीची चटणी खाल्ली, आणि तू ग्रीकांच्या विस्तवाची गोष्ट काढलीस. नवं शहर वसवायला निघालेले लोक आई-शहराच्या मुख्य चुलीतला विस्तव बरोबर घ्यायचे. बोटीत जपत न्यायचा आणि नव्या किनाऱ्यावर पहिली चूल त्यावर पेटवायची. त्या विस्तवाबरोबर देव जायचे, चालीरीती जायच्या, नावं जायची.

"मग नाव आईचंच," मी म्हणालो. "बाकीच्यांनी ढापलेलं."

"ढापलेलं कसं? आमच्या वाडीत सकाळी शेजारीण विस्तव मागायला यायची. करवंटीत निखारा घेऊन जायची. आमची चूल विझायची का त्याने?"

"विझायची नाही. पण तुमच्या निखाऱ्यावर शेजारणीने कोंबडी शिजवली, आणि सगळी वाडी तिच्याकडे जेवायला गेली तर?"

तू घावनाचा घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलंस. "तू त्रिपोलीबद्दल बोलतोयस."

"मी ग्रीकांबद्दल बोलतोय."

"श्रीकांता, तुझं पोट दुखतंय."

"दुखतंय! माझी चूक आहे ती, हमीद. नोकरी माझी जाणार होती, घाम मला फुटला होता. आणि लोक तुला बोलावतात. पुढच्या संमेलनात ती मी सांगणार. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस."

मला वाटलं तू चिडशील. तू हात झटकलेस आणि म्हणालास, "सांग की. यल्ला. मी पहिल्या रांगेत बसतो."

"आणि खोटं हसायचं नाही."

"इन्शाल्ला," म्हणालास. तुझं इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

परत येताना, मागे माझी गाडी ओढली जात असताना, तू आणखी एक सांगितलंस. लिबियातल्या त्या तीन शहरांपैकी दोन पार ओसाड पडली, आता नुसते खांब उभे आहेत. एक उरलं. त्याचं स्वतःचं वेगळं नाव होतं, ते मागे पडलं आणि ते तिघांचं नाव लावून बसलं. "बघ ना, एकटं आहे आणि अजून स्वतःला तीन शहरं म्हणवतंय," तू म्हणालास. माझं लक्ष नव्हतं. हे वाक्य हा आता कुठल्या भाषणात वापरणार, आणि टाळ्या किती पडणार, याचा मी हिशेब करत होतो.

संमेलन यायच्या आधी तू गेलास. पहिल्या रांगेतली तुझी खुर्ची, माझी गोष्ट आणि आपलं भांडण, सगळं तसंच राहिलं. शारजाच्या कब्रस्तानात मी मागे उभा होतो, चपला हातात धरून. चपला काढायच्या की नाही ते कळलं नव्हतं, आणि जो सांगायचा तो पुढे होता, खांद्यांवर.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, असरच्या नमाजानंतर तुझ्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत पुरुष, खजूर, गहवा. वहिनी इद्दतमध्ये, आतल्या खोलीत बायकांबरोबर. नवरा गेल्यावर परक्या पुरुषांसमोर यायचं नाही ही तुमच्यातली रीत, त्यामुळे मधलं दार किलकिलं होतं आणि तुझी लेक सना तेवढी आतबाहेर करत होती. मी तुझ्या घरी एवढा आलो-गेलो, म्हणून मला वाटत होतं की शोक करायला मीच मुख्य. बसायची जागाही मी तशी मधली धरली होती.

आणि तिथे माझा हेवा वाढला. बंदरातून माल सोडवायचं, क्लिअरिंगचं काम करणारा तो अबू रामी, लाताकियाचा, दाराशी बसून रडत होता. साहेबांना सांगत होता की त्याची आई तिकडे वारली आणि त्याला जाता आलं नाही, तेव्हा तू त्याच्याजवळ बसून म्हणालास, "तुझं शहर एका राजाने आईच्या नावाने वसवलं. तुला तिच्या कबरीपर्यंत जाता येत नसेल तर शहराचं नाव घे. एका आईचंच नाव घेतल्यासारखं आहे ते."

हे तू मला का नाही सांगितलंस? माझीही आई गेली होती. तेव्हा तू काय सांगितलंस मला? काही नाही. एकही शहर नाही, एकही राजा नाही. घरी आलास, माझ्या हातातून किल्ली घेतलीस, मला गाडीत बसवून विमानतळावर नेलंस. आणि भलत्याच टर्मिनलला नेलंस! मी पाट्या बघण्याच्या अवस्थेत नव्हतो. तुला वाटेत चष्मा दोनदा काढावा लागला होता, पुसायला, आणि त्या वेळी समोर हसणारं कुणी नव्हतं. मग जी काही पळापळ झाली, माझी बॅग डोक्यावर घेऊन तू पळत होतास आणि "सॉरी, सॉरी" म्हणत होतास.

ही एक चूक तुझी होती. पहिल्या प्रतीची, कमोडच्या तोडीची. मी ती आजवर कुणालाही सांगितलेली नाही. मी, जो दुसऱ्याच्या लग्नातलं जेवणसुद्धा लपवू शकत नाही. का नाही सांगितली ते त्या दिवशी अबू रामीकडे बघताना कळलं. त्याला तू शहर दिलंस, मला तू तुझी चूक दिली होतीस. ती मला कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. आज लिहिलीच आहे, तर तेवढी माझ्या नावावर राहू दे.

तेवढ्यात नाबुल्सी साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "श्रीकांत, ती त्रिपोलीची गोष्ट. हमीदची. सांग ना."

हमीदची!

माझ्यासमोर एक खुर्ची रिकामी होती. बहुतेक कुणीतरी गहवा आणायला उठलं असेल, पण मला ती पहिल्या रांगेतली वाटली. उरलेल्याने सगळ्यांचं नाव लावायचं असतं, ते तुझं लिबियाचं वाक्य नेमकं तेव्हा आठवलं. म्हटलं, श्रीकांता, हीच वेळ. नीट सांग. त्याच्यासारखी सांग. आणि हॉटेलची शाळा करून सांग, निदान एकदा तरी खरी होऊ दे.

"लेबननमध्ये एक शाळा होती," मी सुरुवात केली.

"अंकल, हॉटेल," सना दारातून म्हणाली. "अब्बा ऑल्वेज सेड हॉटेल."

"शाळा होती, बेटा."

"बट हॉटेल इज फनिअर."

मी ते सोडून दिलं. सिस्टीम समजावून सांगितली, दोन नावं कशी उघडतात ते सांगितलं, जेवायची घाई सांगितली. अबू रामीने जांभई गिळली. मग मी मोठा श्वास घेऊन तुझ्या जागेवर आलो, तेच वाक्य, तुझ्याच सुरात म्हटलं, आणि थांबलो. चष्मा काढायला हात वर नेला.

मी चष्मा लावत नाही, हमीद.

हात डोळ्यांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. त्याचं काय करायचं ते सुचेना. लोकांना वाटलं मी रडतोय. साहेबांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, अबू रामीने पाठीवर हात ठेवला, आणि पाठीवर हात पडल्यावर मला खरंच रडू आलं. पण गोष्ट अर्धी सोडायची नव्हती. तू सोडली नसतीस. रडतच म्हणालो, "आणि कंटेनरमध्ये होते कमोड."

कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे जरा विचित्रच बघत होते. शेवटी सना हळूच म्हणाली, "अंकल, यू सेड इट राँग. तुम्ही म्हणालात, लिबियाचा कंटेनर लेबननला पाठवला."

नाबुल्सी साहेबांनी गहव्याचा पेला खाली ठेवला. नकाशा नव्हता, तरी त्यांची दोन बोटं हवेत दोन बाजूंना गेली.

"श्रीकांत," ते म्हणाले, "अगेन?"

आधी अबू रामीचा बांध फुटला, मग साहेबांचा, मग सगळ्या खोलीचा. तीन दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. आणि दाराच्या पलीकडूनही हसू आलं, बायकांचं, त्यात एक मला ओळखू येणारं, हसतंय की रडतंय ते कळेना असं. ते बऱ्याच वेळाने थांबलं. पदरात नाक शिंकरल्यासारखा आवाज झाला. आणि आतून वहिनी म्हणाल्या,

"श्रीकांतभाऊ, तुम्ही चुका तेवढ्या करा. सांगायचं राहू द्या."